एफनेम म्हणजे कोणाचं नाव?

आमची खाला मुरबाडला राहते. तिला शहापूरला आमच्याकडे यायचं तर सरळगाव-किन्हवलीवरून एसटी नाहीतर जीप. लोकलशी तिचा संबंध वर्षा-दोन वर्षांतून एकदा. काही वर्षांपूर्वी ती डोळे दाखवायला मुंबईला गेली होती आणि परत येताना एकटीच होती. मी फोनवर सांगितलं, "खाला, शहापूर नावाचं स्टेशन नाही. आपलं स्टेशन आसनगाव. आसनगावची गाडी बघून बस." ती इंडिकेटरसमोर उभी राहिली. एका गाडीपुढे इंग्रजी 'ए' होता. ए फॉर आसनगाव. बसली. दीड तासाने तिचा फोन आला, "बेटा, इथं शहापूरचं नाव घेतलं की रिक्षावाले हसतात." ती अंबरनाथला उतरली होती.

रोज जा-ये करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. 'ए' म्हणजे अंबरनाथ, 'एएन' म्हणजे आसनगाव. 'के' म्हणजे कल्याण, पण कसारा मात्र 'के' नाही, तो 'एन'. आणि कर्जत 'एस'. कल्याणच्या पुढे रूळ फुटतात, एक फाटा ईशान्येला कसाऱ्याकडे जातो आणि दुसरा आग्नेयेला कर्जतकडे. हा नकाशा ज्याच्या डोक्यात आधीच आहे त्याला या अक्षरांत काहीच खटकत नाही. खाला सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षरं ओळखणारी बाई. तिने वाचण्यात चूक केली नव्हती. तिने बरोबर वाचलं आणि चुकीच्या गाडीत बसली.

घरात सगळे हसले. मी जरा कमी हसले. मुरबाडमध्येच मी एकदा असंच बरोबर वाचून फार मोठी चूक केली होती, आणि तिचं भाडं मी नाही, दुसऱ्यांनी भरलं होतं.

मी पोटासाठी प्रोग्रॅम लिहिते. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की प्रोग्रॅममध्ये प्रत्येक माहितीला एक नाव द्यावं लागतं. कोणाचं वय, कोणाचं गाव, किती रुपये, काल काय होतं, आज काय आहे. त्या नावाला व्हेरिएबल म्हणतात. तक्त्यातल्या रकान्याला कॉलम म्हणतात, पण नाव ठेवण्याची कटकट तीच. आपल्या स्वयंपाकघरात बोर्नव्हिटाच्या बरणीत मोहरी असते आणि बिस्किटाच्या डब्यात सुई-दोरा. अम्मीला ते ठाऊक असतं, म्हणून घर चालतं. नवी सून आली की दोन दिवस प्रत्येक डबा उघडून बघते. संगणक डबा उघडून बघत नाही. आणि खरं सांगायचं तर प्रोग्रॅम लिहिणारी माणसंही बघत नाहीत. ती लेबल वाचतात आणि पुढे जातात.

२०११ साली मला पहिलं बरं काम मिळालं ते मुरबाडच्या एका संस्थेत. संस्थेचं नाव लिहीत नाही, चूक माझी होती, त्यांची नव्हती. तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवरच्या मुलांना शाळेसाठी मदत देण्याचं काम ते करत. वह्या, गणवेश, आणि वसतिगृहात राहणाऱ्यांना दरमहा थोडी रक्कम. मुलांच्या नोंदी एका जुन्या फॉक्सप्रोच्या प्रोग्रॅममध्ये होत्या. तो कोणी लिहिला होता ते कोणालाच नीट आठवत नव्हतं. मला त्या नोंदी नव्या प्रोग्रॅममध्ये आणायच्या होत्या, दुबार नावं काढायची होती आणि प्रत्येक मुलाचं कार्ड छापायचं होतं.

जुना तक्ता उघडला तर त्यात रकाने होते: नेम, एफनेम, एमनेम, एलनेम, आणि पुढे गाव, इयत्ता वगैरे. मला माझ्या तक्त्यात तीन गोष्टी हव्या होत्या. फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम. एफ, एम, एल. कुलपात किल्ली बसावी तशी ती अक्षरं बसली. 'नेम' हा रकाना जास्तीचा दिसला, तो मी सोडून दिला. वाटलं, काहीतरी जुनं उरलेलं असेल.

वाचकांपैकी काहींच्या लक्षात आलं असेल. त्या जुन्या माणसाच्या लेखी 'नेम' म्हणजे मुलाचं नाव, 'एफनेम' म्हणजे फादर्स नेम आणि 'एमनेम' म्हणजे मदर्स नेम. एफनेममध्ये सगळी पुरुषांची नावं आणि एमनेममध्ये सगळी बायकांची, हे चार ओळी वाचल्या असत्या तरी कळलं असतं. मी वाचल्या नाहीत. रकान्यांची नावं 'एबीसी' आणि 'एक्स१' अशी असती तर मी नक्की वाचल्या असत्या. ती इतकी ओळखीची होती की मला शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. वाईट नाव ते जे कळत नाही, असं मी तोवर समजत होते. त्याहून वाईट नाव ते, जे लगेच कळतं आणि चुकीचं कळतं.

पुढचं मग आपोआप घडलं. दुबार नावं काढण्यासाठी मी नियम लिहिला की एकाच गावात फर्स्ट, मिडल आणि लास्ट नेम तिन्ही सारखी असतील तर एक नोंद ठेवायची, बाकीच्या काढायच्या. आता प्रत्यक्षात तिथे होतं काय, तर वडिलांचं नाव, आईचं नाव आणि आडनाव. म्हणजे सख्खी भावंडं ही सगळी एकमेकांची दुबार ठरली. घरटी एक मूल राहिलं. प्रोग्रॅमने शेवटी आकडा दाखवला, एवढ्या दुबार नोंदी काढल्या. ऑफिसात सगळ्यांना आनंद झाला. "बघा, किती बोगस नावं होती!" असं एकजण म्हणाले, आणि मलाही ते पटलं. चहा झाला. माझा पगार वाढवायची गोष्ट निघाली.

कार्डं छापून वाटली गेली. साधारण पंधरा दिवसांनी टोकावड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरून एक गृहस्थ आले. कातकरी समाजाचे, अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड. त्यांची तीन मुलं आमच्या यादीत होती. त्यांनी कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बाई, हे तर माझंच नाव हाय. मी कुठं शाळंत जातो?"

मी पहिल्यांदा त्यांनाच समजावायला लागले. छापताना चूक झाली असेल, वगैरे. मग ते म्हणाले, "आणि पोरी कुठं गेल्या?" तेव्हा मी तक्ता उघडून पाहिला.

दुरुस्तीला एक दिवस लागला. पण नवी यादी मंजूर होऊन रक्कम सुटेपर्यंत दिवाळी उलटून गेली, आणि दिवाळीनंतर आमच्याकडे काय होतं ते शहापूर-मुरबाड-भिवंडीकडच्या माणसाला सांगायला नको. कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात. मुलांची खायची-राहायची सोय असेल तर ती मागे शाळेत राहतात, नसेल तर आईबापांबरोबर जातात. त्या गृहस्थांची मोठी मुलगी त्या वर्षी भट्टीवर गेली आणि जूनमध्ये शाळेत परत आली नाही. त्याला एकटा माझा प्रोग्रॅम कारण होता असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं होईल. पण तो कारणांपैकी एक होता, हेही मी कधी नाकारलेलं नाही.

त्या जुन्या प्रोग्रॅमवाल्याला मी बरीच वर्षं मनात बोल लावला. नंतर थोडा इतिहास वाचला आणि राग निवळला. फॉक्सप्रोच्या तक्त्यात रकान्याचं नाव जास्तीत जास्त १० अक्षरांचं ठेवता येई. 'फादर्स नेम' इंग्रजीत लिहिलं तर मधल्या जागेसह दहाच्या वर जातं. मग माणूस 'एफनेम' लिहिणार नाही तर काय करणार? त्याच्याही आधी, १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत नावाला सहाच अक्षरं मिळत, आणि आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव असेल तर त्यात पूर्णांक आहे असं यंत्र गृहीत धरी. आजही जगभरची पोरं मोजणीसाठी 'आय' आणि 'जे' वापरतात, त्यात गणिताच्या पुस्तकांचा वाटा आहे तसा या जुन्या नियमाचाही आहे. जागा महाग होती म्हणून नावं आखूड झाली. जागा स्वस्त झाली, सवय राहिली.

आमच्या दादीच्या माहेरी भाताच्या खाचरांना नावं होती. वडाचं, ओहोळाकडचं, चिंचेचं. चिंचेच्या खाचरात मी कधी चिंच पाहिली नाही. ती माझ्या जन्माआधीच पडली होती. तरी घरातल्या प्रत्येकाला चिंचेचं म्हणजे कुठलं ते पक्कं माहीत होतं. नाव खोटं झालं तरी चाललं, कारण ते नाव वापरणारी सगळी माणसं एका ओट्यावर बसणारी होती. लहान टीममध्ये वाईट नावं का खपतात, याचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

सातबाऱ्याचंच घ्या. हे नाव म्हणून पाहिलं तर किती वाईट आहे! गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र छापले म्हणून सात-बारा. सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंदवही. त्या आकड्यांत जमिनीचा ज-सुद्धा नाही. कोणा प्रोग्रॅमरने आपल्या व्हेरिएबलला 'फॉर्म७१२' नाव दिलं तर मी त्याला परत पाठवेन. पण मुरबाडच्या बाजारात दहा माणसांना विचारा, दहाही सांगतील सातबारा म्हणजे काय. आठ-अ म्हणजे काय हेही सांगतील. म्हणजे नाव अंगचं चांगलं असावं लागतं असंही नाही. सगळ्यांनी ते एकाच अर्थाने वापरावं लागतं. प्रोग्रॅमर लोक ज्याला नेमिंग कन्व्हेन्शन म्हणतात तो हाच प्रकार, आपसात ठरवलेला रिवाज.

या रिवाजांवरून आमच्या धंद्यात भांडणं मात्र फार. जावावाले शब्द जोडून लिहितात आणि प्रत्येक पुढचा शब्द मोठ्या अक्षराने सुरू करतात, त्याला उंटाच्या पाठीवरून कॅमल केस म्हणतात. पायथनवाले सगळं लहान अक्षरांत लिहून मध्ये खालची रेघ मारतात, ते स्नेक केस. यातलं कुठलं बरोबर हा वाद मला शिरखुर्म्यात खजूर घालावा की खारीक, या वादासारखा वाटतो. एका घरात एकच पद्धत असावी, बस्स.

मला जास्त आवडतो तो हंगेरियन पद्धतीचा किस्सा. चार्ल्स सिमोनी नावाचा हंगेरीत जन्मलेला प्रोग्रॅमर, जो पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये मोठा झाला, त्याने सुचवलं की नावाच्या आधी एक छोटं उपपद लावावं, म्हणजे ही गोष्ट कुठल्या जातीची ते कळेल. ओळीचा क्रमांक असेल तर एक उपपद, स्तंभाचा असेल तर दुसरं. मग कोणी ओळीत स्तंभ मिळवायला गेला तर नुसतं वाचूनच खटकेल. याला हंगेरियन नाव पडलं ते सिमोनीमुळे, आणि हंगेरीत माणसं आडनाव आधी लिहितात म्हणूनही. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर लिहितात तसंच. पुढे लोकांनी त्या पद्धतीचा अर्थ पातळ करून टाकला. आत पूर्णांक आहे की अक्षरं, एवढंच ते उपपदात सांगू लागले, जे यंत्राला तसंही माहीत असतं. जे माणसालाच माहीत असतं, आणि तेही दुसऱ्या माणसाला माहीत नसतं, ते सांगायचं राहून गेलं.

एकक हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आणि तोच सगळे विसरतात. १९९९ साली नासाचं मंगळाकडे निघालेलं यान वाया गेलं, कारण एका प्रोग्रॅमने बळाचा हिशोब पौंडात दिला आणि दुसऱ्याने तो न्यूटनमध्ये समजून घेतला. मंगळ लांब राहिला, आपल्या तालुक्यात बघा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं, शेतकरी बोलतो गुंठ्यात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे साधारण १०१. आकडे इतके जवळ की ४० आर आणि ४० गुंठे यांतला फरक डोळ्याला दिसतच नाही. दहापट फरक असता तर कोणीतरी ओरडलं असतं. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला तेव्हा कोणाकोणाच्या घरात कॅल्क्युलेटर घेऊन रात्री बसणारी माणसं होती ते मी पाहिलेलं आहे. तेव्हापासून माझ्या प्रोग्रॅममध्ये नुसतं 'क्षेत्र' नसतं. 'क्षेत्र_आर' असतं नाहीतर 'क्षेत्र_गुंठे'.

पण माणसाच्या नावाइतकं अवघड काही नाही, आणि इथे आमचा, म्हणजे मराठी मुसलमानांचा, खास अनुभव आहे. फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम ही तीन लेबलं कोणीतरी दुसऱ्या मुलखात ठरवली. महाराष्ट्रात आपण ती आपलीशी केली, कारण आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव अशी तिहेरी रीत होतीच. हमीद उमर दलवाई. तीन शब्द, तीन रकाने, छान बसतं. आता दुसरं नाव घ्या. अब्दुल रहमान अंतुले, १९८० ते १९८२ या काळात राज्याचे मुख्यमंत्री. हेही तीन शब्द. प्रोग्रॅम त्यांचं फर्स्ट नेम 'अब्दुल' करील आणि मिडल नेम 'रहमान', म्हणजे मराठी रिवाजाने वडिलांचं नाव रहमान. पण रहमान हे वडिलांचं नाव नाही. अब्दुल रहमान हे मिळून एक नाव आहे, त्या दयाळूचा बंदा. त्यातला नुसता 'अब्दुल' म्हणजे 'अमक्याचा बंदा', आणि तो अमका कोण ते दुसऱ्या रकान्यात जाऊन पडलेलं. आपल्या वस्तीत अशा अर्ध्या वाक्यांची कार्डं किती जणांच्या खिशात आहेत! आणि अब्दुल कलाम? त्यांना आडनावच नव्हतं. जैनुलाब्दीन हे वडिलांचं नाव पुढे, स्वतःचं नाव मागे. 'लास्ट नेम' या रकान्यात त्यांच्याच नावाचा शेवटचा तुकडा बसतो, आणि तेच आडनाव आहे असं सगळा देश समजतो.

आधारवर नाव एकाच रकान्यात, पासपोर्टवर दोन, पॅनच्या अर्जात तीन. एकाचं तिसऱ्याशी जुळवताना प्रोग्रॅम कुठे कापायचं ते ठरवतो, आणि तो कापतो ते कोणीतरी दिलेल्या लेबलावर विश्वास ठेवून.

माझं स्वतःचं सांगते. माहेरचं आडनाव शेख आणि सासरचंही शेख, म्हणून लग्नानंतर कागदपत्रांच्या फेऱ्यातून आपण सुटलो असं मला वाटलं होतं. पण मधलं नाव? दहावीच्या प्रमाणपत्रावर अब्बांचं, रेशनकार्डावर नवऱ्याचं. बापाचं नाव मुलीबरोबर मरेपर्यंत राहतं ही आपल्या धर्मातली जुनी रीत, आणि लग्नानंतर नवऱ्याचं लावायचं ही आपल्या मुलखातली. दोन्ही माझ्याच. अनेक फॉर्मांवर तर रकानाच असतो, 'वडिलांचे/पतीचे नाव'. एक डबा, दोन पदार्थ, मध्ये तिरकी रेघ. त्यात आत्ता कोण आहे हे डब्याला माहीत नाही. एका ठिकाणी पडताळणीत माझी दोन मधली नावं जुळली नाहीत तेव्हा खिडकीवरचा तरुण मला म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव चुकलंय." माझं नाव चुकलेलं नव्हतं. रकान्याचं नाव चुकलेलं होतं. पण हे त्याला पटवण्यात अर्थ नव्हता, मागे रांग होती.

मग २०२४ साल आलं. राज्य सरकारने ठरवलं की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लागेल. क्रम असा: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. निर्णय मला मनापासून आवडला. दुसऱ्याच क्षणी आठवलं, एमनेम! 'मिडल नेम' म्हणजे वडील असं धरून लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये आता मधे दोघं येणार. जिथे ज्याने 'एमनेम' लिहिलं असेल तिथे त्याच्या मनात नक्की कोण होतं?

मी दर रविवारी शहापुरात काही मुलामुलींना पायथन शिकवते. बरीचशी मराठी माध्यमाची, किन्हवली, आटगाव, वासिंदकडून येणारी. पायथनमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत लिहिता येतं हे त्यांना पहिल्यांदा दाखवलं तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे. 'नाव', 'गाव', 'वडिलांचे_नाव'. काही काळ मला वाटलं, हाच उपाय. मराठीत लिहायला लागली की पोरं एफनेम लिहिणारच नाहीत, कारण मराठीत तसं आखूड करायची आपल्याला सवयच नाही.

अडचणी लगेच आल्या. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही, त्यामुळे उंटाची पाठ नाही, फक्त साप. ते चालेल. पण गो नावाच्या भाषेत बाहेर वापरायच्या नावाचं पहिलं अक्षर मोठंच लागतं, तिथे आपली नावं घराबाहेर पडूच शकत नाहीत. आणि पायथनमध्ये एकदा एका मुलीने 'शेतकऱ्याचे_नाव' लिहिलं तर प्रोग्रॅम चालेना. शेजारच्या मुलाचं तेच नाव, त्याचा चालत होता. दोघांच्या पडद्यावर अक्षर न अक्षर सारखं. अर्धा तास गेला. तिच्या कीबोर्डने ऱ्या काढताना साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह घातलं होतं. त्याच्या कीबोर्डने नुक्त्याचा ऱ वापरला होता. पायथनला ते न दिसणारं चिन्ह नावात चालत नाही. जावास्क्रिप्टला चालतं, पण मग ती दोन वेगळी व्हेरिएबल होतात, दिसायला एक आणि आतून दोन. मी त्या मुलीला सांगितलं की चूक तुझी नाही. ती म्हणाली, "मग मी शेतकरी बदलून मालक लिहू का?" आणि मला तिला नाही म्हणायला बराच वेळ लागला, कारण प्रोग्रॅम तर चालला असता. कसणारा आणि मालक एक असतो का, एवढंच मी शेवटी विचारलं. तिच्या घरी जमीन दुसऱ्याची होती. तिने हसून पुन्हा 'शेतकऱ्याचे' टाइप केलं, शेजारच्याच्या कीबोर्डवरून.

भाचा झाला तेव्हा सातव्या दिवसापर्यंत घरात नावावरून काय रण माजलं होतं! अर्थ काय, उच्चार कसा, शाळेत मुलं चिडवतील का, झ लिहायचा की ज. त्याच आठवड्यात मी ऑफिसात एका तक्त्याला 'टेम्प२' नाव दिलं आणि घरी आले. तो तक्ता पुढे चार वर्षं चालला.

त्याच मुरबाडच्या संस्थेतून गेल्या वर्षी फोन आला. आईचं नाव लावायचंय, तुमचाच प्रोग्रॅम आहे, येऊन एक रकाना वाढवून द्या. तेरा वर्षांनी मी तो कोड उघडला. आयातीच्या जागी माझी त्या वेळची टीप होती, 'एफनेम म्हणजे वडील, नीट बघा!!', दोन उद्गारचिन्हांसह. टीप लिहिली होती, नाव मात्र बदललं नव्हतं. माझ्यानंतर आणखी दोघांनी त्यात काम केलं होतं. त्यांतल्या एकाने टीप वाचलेली दिसत होती. दुसऱ्याने स्वतःच्या भागात एफनेम पुन्हा फर्स्ट नेम म्हणून वापरलं होतं, आणि ते अजून कोणाच्या अंगावर आलं नव्हतं एवढंच.

ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, एमनेम२ करून टाका ना, पाच मिनिटांचं काम. चाललंय तर हात कशाला लावायचा?" त्याचं म्हणणं अगदी चुकीचं नव्हतं. चालत्या प्रोग्रॅममधलं नाव बदलणं म्हणजे गावातल्या माणसाचं नाव बदलण्यासारखं, ज्या ज्या कागदावर आहे तिथे तिथे जावं लागतं, आणि एक राहिला की तोच नडतो. मी एकेक जागा शोधत बसले. मुलाचे_नाव, आईचे_नाव, वडिलांचे_नाव, आडनाव, इंग्रजी अक्षरांत, पूर्ण, एकही अक्षर न वाचवता. पूर्ण नावासाठी एक वेगळा रकाना, ज्याचे तुकडे पाडायचे नाहीत. वडिलांचा रकाना रिकामा राहू शकेल अशी सोय. एका छापील अहवालात मात्र एफनेम तसंच राहिलं, तो अहवाल दुसऱ्या कार्यालयात जातो आणि तिथला प्रोग्रॅम त्याच नावाने वाट बघतो. तिथे मी हात लावू शकले नाही.

सगळं तपासून होईपर्यंत शहापूरची शेवटची गाडी गेली होती. खालाकडे मुक्कामाला गेले. तिने भाकरी वाढता वाढता विचारलं, "दिवसभर काय केलंस गं?"

"नावं बदलली."

"कोणाची?"

"रकान्यांची."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तेवढं त्या ए गाडीचंही बघ."